आमची वाटचाल : आधी हवा, मग सँडर

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकत्र येतात, त्यामुळे ट्रकच्या बॉडीचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याला येथे कामाची वानवा नसते. वडिलांनी शेड उभारली तेव्हा पुट्टी (पत्र्यावरचे खड्डे भरून काढणारा लेप) घासण्याचे सारे काम लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच होत असे. पुढे धंदा माझ्याकडे आला. शेडमधली जमीन बहुधा ओली असल्याने कारागिरांच्या हाती विजेचे यंत्र देण्यास मन धजेना, म्हणून आम्ही हवेवर चालणारा सहा इंची ऑर्बिटल सँडर, म्हणजे गोल पॅड फिरवून पुट्टी घासणारे यंत्र, आणला.

तो पहिल्या अर्ध्या मिनिटात जोमाने फिरे आणि मग मंदावे. कारागीर तो अधिक दाबून धरत, आणि पुट्टीवर उमटलेले गोल ओरखडे रंगाच्या पहिल्या हातानंतर उन्हात स्पष्ट दिसत. मी दुकानदाराशी भांडून आलो. आमच्या जुन्या मिस्त्रींनी मात्र टाकीत हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवून, ‘हवा पुरत नही, भाऊ’ एवढेच सांगितले. ते खरे होते. अशा सँडरला ९० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाने, मिनिटाला साधारण १२ ते १६ घनफूट हवा सतत लागते. स्प्रे गनसाठी घेतलेला आमचा दोन एचपीचा कॉम्प्रेसर त्याच्या निम्मीच देत असे. शिवाय टाकीवरचा काटा १२० दाखवत असला तरी लांब, बारीक नळीच्या टोकाला दाब बराच कमी भरतो, म्हणून तो यंत्र चालू ठेवून यंत्रापाशीच मोजावा लागतो. आम्ही साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर आणि १० मिलिमीटर आतील व्यासाची नळी घेतली; त्या खर्चाचे हप्ते फेडताना सँडर आधी घेण्याची घाई चांगलीच महागात पडल्याचे कळले.

दुसऱ्या खरेदीत आम्ही शहाणे झालो होतो. जाड पुट्टी उतरवायला पाच मिलिमीटर ऑर्बिटचा (ऑर्बिट म्हणजे पॅड फिरताना घेतो तो हेलकावा) आणि प्रायमरवर हात फिरवायला अडीचचा, असे दोन सँडर घेतले. पॅडवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर तो पॅड आम्ही स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

पावसाळ्यात टाकीत पाणी फार साचते, म्हणून रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते काढतो. सँडरला तेलाचे थेंब लागतात. पण तेच तेल स्प्रे गनच्या हवेत गेले तर रंगाला खड्डे पडतात, म्हणून दोन्हींच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

एकदा कपलर (हवेची नळी यंत्राला जोडणारा सांधा) न काढताच पॅड बदलताना एका कारागिराच्या तळव्याखाली लिव्हर दाबला गेला आणि त्याचे नख निघाले. तेव्हापासून आधी कपलर सुटतो, मगच पॅडला हात लागतो.

धुळीचा प्रश्न मात्र चिवट आहे. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिशाची संयुगे असू शकतात, त्यामुळे मास्क आणि चष्मा, तसेच यंत्राच्या आवाजासाठी कानांचे संरक्षण सक्तीचे केले. परंतु मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की माणसे मास्क खाली ओढतात आणि गारव्यासाठी हवेची नळी थेट सदऱ्यात घालतात, जे त्वचेला आणि डोळ्यांना अत्यंत धोक्याचे असते. रागावून काही उपयोग झाला नाही. शेवटी उन्हाळ्यात घासकाम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवू लागलो, आणि शेडमध्ये दोन मोठे कूलर बसवले.