न पाहिलेल्या मालिकेच्या कादंबऱ्या

‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही अमेरिकन हेरमालिका २२ सप्टेंबर १९६४ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण फक्त दिल्लीपुरते होते. मुंबईला ते १९७२ मध्ये आले आणि इंदुरात त्याहूनही पुष्कळ उशिरा. तरीही नेपोलियन सोलो आणि इल्या कुर्याकिन ही नावे रामबागेतल्या आमच्या घरात चांगली परिचयाची होती, कारण त्या मालिकेवर बेतलेल्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स महूच्या छावणीमार्गे आमच्यापर्यंत पोहोचत असत. लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की त्यांच्या घरातली इंग्रजी पुस्तके रद्दीत निघत आणि त्यातली काही खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात येऊन पडत. महूला नोकरी करणारे माझे मोठे मामा सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येताना त्या ढिगातून दोन-चार पुस्तके निवडून आणायचे आणि माझ्या हातात देताना बजावायचे, “पाने दुमडू नकोस रे, वाचून झाल्यावर मलाही वाचायचे आहे.”

मालिकांवर बेतलेल्या पुस्तकांकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत, आणि फिरकलेच तर त्यांना मालिकेची जोडउत्पादने समजून पुढे जातात. मला हे मान्य नाही. ज्या वाचकाने मालिका पाहिली आहे तो पुस्तक उघडताना नटांचे चेहरे, आवाज आणि पार्श्वसंगीत बरोबर घेऊनच येतो, त्यामुळे लेखकाने ‘सोलो हसला’ एवढे लिहिले तरी त्याला रॉबर्ट व्हॉनचे ते आत्मविश्वासाचे हसू दिसते. आमच्याजवळ मुखपृष्ठावरच्या छायाचित्राखेरीज काहीच नव्हते. माणसे, जागा, धोका आणि त्या धोक्याचे कारण हे सारे लेखकालाच उभे करून द्यावे लागे, आणि ज्याला ते जमत नसे त्याचे पुस्तक तिसऱ्या प्रकरणापर्यंत गळून पडे. मालिका न पाहिलेला वाचक ही या लेखनप्रकाराची खरी कसोटी आहे असे मी मानतो, आणि त्या कसोटीवर उतरणारी पुस्तके थोडी असली तरी निश्चित आहेत.

मालिकेची मूळ कल्पनाच कादंबरीला सोयीची होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना एक अमेरिकन आणि एक रशियन हेर ‘अंकल’ या एकाच आंतरराष्ट्रीय संघटनेत खांद्याला खांदा लावून काम करतात, त्यांचे वरिष्ठ अलेक्झांडर वेव्हर्ली हे वयस्कर गृहस्थ त्यांना कामगिरीवर धाडतात, आणि समोर ‘थ्रश’ नावाची जगावर सत्ता गाजवू पाहणारी संघटना असते. न्यूयॉर्कमधल्या ‘अंकल’च्या कचेरीत शिरण्याचा एक मार्ग डेल फ्लोरिया नावाच्या साध्या शिंप्याच्या दुकानातून जातो: हेर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पडदा ओढतो, भिंतीवरची खुंटी फिरवतो, बाहेर शिंपी इस्त्रीच्या यंत्राचा दांडा दाबतो आणि मागची भिंत दारासारखी उघडते. हे मी पुढे पडद्यावर पाहिले तेव्हा मला ते अपेक्षेपेक्षा बरेच झटपट उरकल्यासारखे वाटले, कारण वाचताना त्या दुकानातला वाफेचा आणि गरम लोकरी कापडाचा वासही माझ्या मनात तयार झाला होता.

अमेरिकेत या कादंबऱ्या एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने १९६५ पासून काढल्या आणि त्यांची संख्या २३ पर्यंत गेली. पहिली, ‘द थाउजंड कॉफिन्स अफेअर’, मायकेल अॅव्हलोन यांची. ती वेगवान आहे, पण तिच्यातला सोलो इतर कुठल्याही साहसकथेतल्या नायकाच्या जागी बसवता येईल असा आहे, आणि कुर्याकिनला तर तिच्यात फारसे कामच नाही. या लेखनाचे व्यावहारिक गणितही ध्यानात घ्यायला हवे. लेखकाला ठरावीक मोबदला मिळे, पात्रांवर त्याचा कोणताही हक्क नसे आणि हस्तलिखित ठरल्या मुदतीत द्यावे लागे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या शेकडो कथा झपाट्याने लिहिल्या, पण ती पात्रे त्यांची स्वतःची होती. इथे दुसऱ्याने निर्माण केलेली माणसे काही महिन्यांपुरती हाताळून, कोणताही कायमचा बदल न करता परत करायची होती.

या मर्यादेत राहून ज्याने खरी कादंबरी लिहिली तो डेव्हिड मॅकडॅनियल. १९३९ साली जन्मलेला हा लेखक लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींच्या वर्तुळात वाढला होता, आणि एखाद्या काल्पनिक जगाचे नियम त्या जगातल्या माणसाइतक्याच गांभीर्याने पाळावेत ही त्या वर्तुळाची शिस्त त्याच्या अंगी मुरलेली होती. मालिकेत ‘थ्रश’ या नावाचा उलगडा कधीच केला गेला नाही. मॅकडॅनियलने ‘द डॅगर अफेअर’मध्ये ते ‘टेक्नॉलॉजिकल हायरार्की फॉर द रिमूव्हल ऑफ अनडिझायरेबल्स अँड द सबजुगेशन ऑफ ह्युमॅनिटी’ या लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप असल्याचे ठरवले आणि तिचा वंशवृक्ष थेट शेरलॉक होम्सच्या कथांतल्या प्रोफेसर मोरियार्टीच्या टोळीपर्यंत नेऊन भिडवला. त्याच कादंबरीत सारी मानवजातच नष्ट करू पाहणारा तिसरा पक्ष समोर येतो, आणि ‘अंकल’ व ‘थ्रश’ यांना काही काळ हातमिळवणी करावी लागते. ज्याला जगावर राज्य करायचे आहे त्याला जग शिल्लक राहायलाही हवे असते, हे ‘थ्रश’च्या माणसांच्या तोंडून ऐकताना प्रथमच ती माणसे मला स्वतःचे हिशेब असलेली वाटली. पुढे मालिकेच्या चाहत्यांनी ‘थ्रश’चा हाच अर्थ इतका आपलासा केला की तो कादंबरीतून आला आहे हे पुष्कळांच्या लक्षातही राहिले नाही.

त्याच्या ‘द रेनबो अफेअर’ची मजा वेगळी आहे. कथा इंग्लंडमध्ये घडते, आणि वाटेत सोलो व कुर्याकिन यांना अशी माणसे भेटत जातात ज्यांची नावे लेखक सांगत नाही, पण इंग्रजी रहस्यकथांच्या वाचकाला ती चटकन ओळखू येतात: मधमाश्या पाळणारा एक अतिवृद्ध गृहस्थ, खेड्यातली चौकस म्हातारी, एक बुटका कॅथलिक धर्मगुरू. मामांनी आणि मी ही माणसे एकेक करून ओळखण्याचा खेळच मांडला होता, आणि धर्मगुरू ओळखण्यात मामा माझ्या पुढे गेले.

या मालिकेतली मला सर्वाधिक प्रिय गोष्ट मात्र ‘द मॉन्स्टर व्हील अफेअर’च्या अनुक्रमणिकेत दडलेली आहे. प्रकरणांच्या शीर्षकांची पहिली अक्षरे वरून खाली वाचत गेले की ‘ए. ए. विन कंजूष आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तयार होते. विन हे एस बुक्सचे प्रकाशक. पुस्तक बाहेर पडले आणि ठरावीक मोबदल्यावर राबणाऱ्या लेखकाने आपली तक्रार प्रकाशकाच्याच खर्चाने छापून घेतली. मी ती पाने पहिल्यांदा या दृष्टीने पाहिली तेव्हा बोट एकेका अक्षरावरून खाली नेत गेलो, आणि वाक्य पुरे झाल्यावर त्या अनोळखी लेखकाबद्दल मला जी आपुलकी वाटली ती अजून कमी झालेली नाही.

कॉमिक्सबद्दल मला इतके चांगले लिहिता येत नाही. गोल्ड की या प्रकाशनाने १९६५ ते १९६९ या काळात २२ अंक काढले. मुखपृष्ठावर व्हॉन आणि कुर्याकिनचे काम करणारे डेव्हिड मॅकॅलम यांची रंगीत छायाचित्रे असत आणि ती सुंदर असत. आत मात्र त्याच चेहऱ्यांची चित्रे ताठर होत, आणि दोन हेरांमधली खेळकर बोलाचाली फुग्यात मावेनाशी झाली की सरळ कापली जाई. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या माझ्या पिढीला ही चित्रे फिकी वाटली यात नवल नाही, कारण वेताळ चित्रातच जन्मला होता. हेच ‘द मॅन फ्रॉम अंकल मॅगझिन’ या मासिकाबद्दल म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९६६ ते जानेवारी १९६८ पर्यंत त्याचे २४ अंक निघाले, प्रत्येक अंकात रॉबर्ट हार्ट डेव्हिस या नावाने एक लघुकादंबरी असे, आणि त्या एका नावामागे डेनिस लिंड्स, जॉन जेक्स, बिल प्रोन्झिनी असे निरनिराळे लेखक होते. त्यांपैकी काहींनी पुढे स्वतःच्या नावावर मोठी कीर्ती मिळवली. इथले त्यांचे लेखन दर्जाने कमीअधिक असले तरी कामात हयगय केलेली क्वचितच दिसते.

इतर हेरमालिकांनाही असे लेखक लाभले. ‘आय स्पाय’च्या आणि ‘मिशन इम्पॉसिबल’च्या काही कादंबऱ्या वॉल्टर वेजर यांनी जॉन टायगर या नावाने लिहिल्या, आणि ‘द प्रिझनर’वर १९६९ मध्ये टॉमस डिश यांनी लिहिलेली कादंबरी तर मालिका बाजूला ठेवूनही वाचावी अशी आहे. पण मॅकडॅनियलइतके घरचे कार्य समजून कोणी या कामात पडले असेल असे मला वाटत नाही.

मूळ मालिका १५ जानेवारी १९६८ रोजी हंगामाच्या मध्यातच बंद करण्यात आली आणि ‘थ्रश’चा कायमचा निकाल लागायचा राहून गेला. मॅकडॅनियलने तो ‘द फायनल अफेअर’ या कादंबरीत लावला, परंतु ती एस बुक्सच्या मालेत छापली गेली नाही. १९७७ मध्ये वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला, आणि ते हस्तलिखित प्रतींवर प्रती निघत चाहत्यांमध्ये फिरत राहिले. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी मात्र ‘द डॅगर अफेअर’ आधी घ्यावी, मालिकेचा एकही भाग न पाहता घ्यावी, आणि मगच सोलोचा खरा चेहरा कसा होता ते पाहायला जावे.