आमची वाटचाल : तंगाच्या पट्ट्यापासून दोराच्या खोगिरापर्यंत

कोल्हापूर भागातला आमचा कारखाना लहान आहे. सुरुवात तंगाच्या, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायच्या पट्ट्यांपासून झाली, मग रिकिबी, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कड्या, टांगायच्या वाद्या, आणि आता अमेरिकेतल्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवर, गुरं दोराने पकडायला वापरतात ते अख्खं खोगीर. नमुना समोर ठेवून पट्टा बनतो, खोगीर बनत नाही. ते कुठल्या कामासाठी घडलं हे ठाऊक नसेल तर कुठला टाका ताण खातो आणि कुठला नुसता शोभेचा, हे कारागिराला कळत नाही. त्यामुळे आमच्याकडे नवीन माणसाला रापी हातात देण्याआधी ते काम समजावून सांगतो.

ते काम टेक्सासमधलं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा माळावर लांब शिंगांची गुरं लाखांनी मोकाट होती. जाग्यावर एका जनावराचे ३-४ डॉलर, उत्तरेच्या बाजारात त्याचेच ३०-४०. मधे ना कुंपण, ना सोयीची रेल्वे. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग हे गुरांचे दोन व्यावसायिक १८६६ मध्ये सुमारे २,००० गुरं आणि १८ माणसं घेऊन न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर या लष्करी ठाण्याकडे निघाले. काँचो नदी सोडल्यापासून पेकॉस नदीपर्यंत सुमारे १३० किलोमीटर पाण्याचा थेंब नव्हता. तीन दिवस, तीन रात्री माणसं खोगिरावरच होती. तीनशेच्या आसपास गुरं वाटेत पडली. उरलेल्यांना पाण्याचा वास लागताच त्यांनी नदीत अशी धाव घेतली, की आणखी शंभरेक बुडाली किंवा गाळात रुतली.

एवढी घाई नेहमीची नव्हे. एरवी कळप दिवसाला १५ ते २५ किलोमीटरच चालायचा, कारण चरत चरत नेला तरच वजन टिकतं आणि पैसा वजनाचा मिळतो. अडीच-तीन हजार गुरांमागे दहा-बारा माणसं आणि माणशी सहा ते दहा घोडे. घोडे बदलायचे, खोगीर मात्र तेच. म्हणजे ते एका घोड्याच्या पाठीला मापून बनवता येत नव्हतं. आजही रँचवर तसंच आहे. म्हणून आतल्या लाकडी सांगाड्याची पुढची कमान, म्हणजे गलेट, आम्ही साडेसहा आणि सात इंच अशा दोनच मापांत ठेवतो. रँचवरच्या बहुतेक घोड्यांना यातलं एक चालतं.

१८७६ मध्ये गुडनाइट १,६०० गुरं घेऊन टेक्सासमधल्या पालो ड्युरो दरीत उतरला, आणि पुढे जॉन अडेर याच्या भांडवलावर जेए रँच उभी राहिली. ती जमीन रिकामी नव्हती. १८७४ मध्ये लष्कराने त्याच दरीत कोमांची, कायोवा आणि शायेन या मूळनिवासी लोकांचे तळ उधळले होते आणि त्यांचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले होते. तिथले रानरेडेही, म्हणजे बायसन, शिकाऱ्यांनी संपवत आणले होते. रँचच्या कौतुकाच्या छापील माहितीत हे सहसा नसतं. १८८५ च्या सुमारास जेएकडे १३ लाख एकरांवर जमीन आणि लाखभर गुरं होती.

आता खोगिराशी थेट संबंध येतो. एवढ्या पसाऱ्यात गोठा नाही, दावण नाही. वासराला मालकीचा डाग द्यायचा, गोऱ्हा खच्ची करायचा, जखमेत अळ्या पडलेल्या गाईला औषध लावायचं, तर ती उभी असेल तिथेच दोराने पकडायची. माणसाच्या हातात एवढी ताकद नसते. दोराचं टोक खोगिराच्या पुढच्या खुंट्याला, म्हणजे हॉर्नला अडकवायचं आणि घोड्याने ओढ धरायची. वसंतात डाग देताना वासराचे मागचे पाय फासात घेऊन ते विस्तवापर्यंत ओढत आणतात, दोघं ते आडवं पाडतात आणि तिसरा डाग देतो. डागणी लालबुंद नको, राखेच्या रंगावर आलेली हवी. लाल लोखंड खोल जाळतं आणि खूण फिसकटते. कातडं ओलं असेल तर वाफेने भाजतं, म्हणून पाऊस आला की काम थांबवायचं. लोखंड तीन ते पाच सेकंद, त्याहून जास्त नाही.

हा सगळा ताण हॉर्नवर येतो आणि तिथून सांगाड्यात उतरतो. हे काम मुळात मेक्सिकन वाकेरोंचं, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांचं, नावंही त्यांचीच. ‘ला रिआता’चं लॅरिएट, म्हणजे फासाचा दोर, झालं, ‘सिंचा’चं सिंच, म्हणजे तंग. त्यांच्या मागोमाग कॅलिफोर्नियातले लोक कच्च्या चामड्याचा साठ फुटांपर्यंतचा वेणीचा दोर वापरत. तो हॉर्नला पक्का बांधला तर झटक्याने तुटतो. म्हणून नुसते वेढे द्यायचे आणि दोर सरकू द्यायचा. वेढ्यात अंगठा सापडला तर अंगठा जातो. टेक्सासमध्ये झुडपं दाट, फेक लांब जात नाही. तिथे तीसेक फुटांचा आखूड दोर आणि त्याचं टोक हॉर्नला कायम बांधलेलं. जनावर झटका देतं तेव्हा खोगिराची मागची बाजू उचलली जाते, म्हणून टेक्सासचं खोगीर दोन तंगांचं आणि कॅलिफोर्नियाचं मधल्या एका तंगाचं. ऑर्डर आली की आमचा पहिला प्रश्न हाच असतो : दोर बांधता की वेढे देता? रंग, नक्षी, चांदीच्या फुल्या हे नंतर.

मागच्या तंगाची गल्लत सर्रास दिसते. तो आवळायचा नाही, पोट आणि पट्टा यांत तळहात जाईल एवढा ढिला ठेवायचा. मात्र पुढच्या तंगाशी तो वादीने जोडलेला हवा. नाहीतर तो मागे सरकून कुशीला लागतो आणि घोडा उधळतो. पुढचा तंग मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, २७ पदरांचा. तो घाम शोषतो आणि कातडं सोलत नाही.

सांगाडा लाकडाचा, त्यावर ओलं कच्चं चामडं ओढून शिवायचं. वाळताना ते आवळतं आणि सगळं एकसंध होतं. हे वाळवणं सावलीत, दोन आठवडे. उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी आवळते आणि सांगाडा पिळतो. डोळ्यांना दिसत नाही, घोड्याच्या पाठीला कळतं. हॉर्नच्या मध्यापासून सांगाड्याच्या डाव्या-उजव्या लाकडी पट्ट्यांच्या मागच्या टोकांपर्यंत मोजायचं. फरक ३ मिलिमीटरच्या वर असेल तर सांगाडा बाजूला ठेवतो. वरून कितीही भर घातली तरी तो सुधारत नाही. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही.

चामडं आपल्याकडे म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. जाडी ५ ते ६ मिलिमीटर. हिरड्याचा एक गुण विसरून चालत नाही. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते, तीच ही गोष्ट. म्हणून खिळे पितळी किंवा स्टेनलेस आणि भिजवायची भांडी प्लास्टिकची. आकार द्यायच्या आदल्या रात्री चामडं भिजवून गुंडाळून ठेवायचं. सकाळी रंग जवळजवळ मूळचा आलेला असावा आणि गालाला लावल्यावर गार लागावं, तेव्हा ते काम घेतं.

म्हशीचं चामडं पोटाकडे ताणतं. रिकिबीच्या वाद्या म्हणूनच कण्याच्या कडेने, अडीच ते तीन इंच रुंद कापायच्या. आधी ओल्या करून ४० किलो वजन लावून दिवस-रात्र टांगायच्या आणि मगच भोकं पाडायची. एवढं करूनही डावी वादी लांबतेच, कारण स्वार डावीकडून चढतो. वर्षभराने डाव्या-उजव्या वाद्यांची अदलाबदल करा, असं आम्ही प्रत्येक खोगिरासोबत लिहून देतो.

थोडं गुरांविषयी. टेक्सासच्या गुरांच्या अंगावरचे गोचीड उत्तरेच्या गुरांना ताप द्यायचे आणि ती मरायची. लांबशिंग्यांना काही होत नसे. कॅन्ससने त्यांच्या वाटा अडवल्या. गोचिडातून हा रोग पसरतो हे स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी १८९३ मध्ये दाखवलं. पुढे रँचवाल्यांनी ऊन आणि गोचीड सोसणारी भारतीय गुरं नेली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठचं कृष्णा खोरे या जातींच्या रक्तातून तिकडची ‘ब्राह्मन’ नावाची गुरांची जात तयार झाली. त्यातला वळू साताठशे किलो आणि त्याहून वर भरतो. तो दोरावर आला की हॉर्नचे बोल्ट किती खोल बसवले ते लगेच समजतं. आम्ही ते सांगाड्याच्या लाकडातून आरपार नेतो, वरून स्क्रू मारत नाही.

तयार खोगीर १७ ते २० किलो भरतं. समुद्रमार्गे जाताना बुरशी हा मोठा शत्रू, पावसाळ्यात तर हमखास. प्लास्टिकात गुंडाळलं की आतला ओलावा कोंडतो आणि रिकिबीच्या घडीत पांढरी बुरशी धरते. म्हणून सुती खोळ, खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या, आणि तेल माल पोचल्यावर गिऱ्हाइकाने द्यायचं. जून ते सप्टेंबर अख्खं खोगीर आम्ही पाठवत नाही, त्या चार महिन्यांत तंग आणि वाद्याच बनवतो.