धोकटीतले दोन वस्तरे : आमची वाटचाल

आम्ही लोकांचे वस्तरे पाजवून देतो आणि ते परजायचे चामड्याचे पट्टे करतो. माझ्या वडिलांच्या धोकटीत, म्हणजे हजामतीच्या सामानाच्या पिशवीत, दोन वस्तरे होते, दोन्ही जर्मनीतल्या सोलिंगेनचे. सकाळी दुकान उघडलं की वाटीत पाणी भरायच्या आधी ते खुर्चीला अडकवलेला पट्टा डाव्या हातानं ताणायचे आणि त्यावर वस्तरा फिरवायचे. त्या चट्-पट् आवाजानं आम्हा भावंडांना जाग यायची. पुढे एड्सची भीती आली. दर गिऱ्हाइकाला नवी पत्ती, तीही अर्धी मोडून होल्डरमध्ये घालायची, अशी पद्धत पडली. ते योग्यच झालं. दुकानात आजही तसंच असावं. पण दोन्ही वस्तरे धोकटीत गेले आणि धोकटी माळ्यावर गेली.

मी वडिलांचा धंदा घेतला नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, बरीच वर्षं काढली. वडील गेल्यावर धोकटी खाली काढली, आणि मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणाऱ्या माणसाला वस्तरा पाजवणं काय अवघड, असं मला वाटलं. वडिलांचा निसणा, म्हणजे पाजवायचा दगड, वापरून वापरून मधे खोलगट झाला होता. त्यावर घासल्यानं पात्याची दोन्ही टोकं झिजत गेली आणि मधला भाग दगडाला टेकतच नव्हता. तो टेकावा म्हणून मी जोर दिला. भिंगातून पाहिलं तर धारेचे बारीक तुकडे उडाले होते. वडिलांनी तीस वर्षं सांभाळलेला वस्तरा मी एका संध्याकाळी खराब केला. ते दुःख अजून जात नाही.

टूलरूममध्ये सपाटी बघायला आम्ही ब्लू, म्हणजे निळा रंग, मारतो. दगडासाठी तेच काम शिसपेन्सिल करते. दगडावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या डायमंड प्लेटवर पाणी घालून घासायचं. कोपऱ्यातल्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या, तर दगड अजून खोलगट आहे. सगळ्या रेघा पुसल्या गेल्याशिवाय आमच्याकडे एकही वस्तरा दगडाला लागत नाही.

वस्तऱ्याची रचना मला फार सुंदर वाटते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. कोन हातानं धरायचा नसतो, पाठच तो ठरवते; धारेचा दोन्ही बाजू मिळून कोन साधारण 16-17 अंश होतो. म्हणून पाठ उचलायची नाही आणि दाबायचीही नाही. पात्याच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त भार पुरे. दगडाचा नंबर जितका मोठा, तितका त्याचा कण बारीक. 1000 नंबरच्या दगडावर बेव्हल बसवायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून बुडापर्यंत एका रेषेत भेटवायचे. त्या दगडाचा कण साधारण 14 मायक्रॉनचा असतो. आमचा बहुतेक वेळ इथंच जातो. हुपरीच्या एका चांदी कारागिरानं दिलेल्या भिंगाखाली धार उजेडात धरायची. कुठं चमक दिसली तर तिथं ती अजून बोथट आहे. बेव्हल नीट बसली नसेल, तर पुढचे 4000 आणि 8000 चे दगड ती चूक फक्त गुळगुळीत करतात.

हे तिन्ही दगड कृत्रिम आहेत, आणि त्याबद्दल मला काहीही कमीपणा वाटत नाही. त्यांतला ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंदच, आपल्या शिकलगारांनी लाखेत बसवून चाकावर वापरलेला. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही आपल्याकडूनच गेला. फरक एवढाच की कारखान्यात कण चाळून एकसारखे करतात, त्यामुळे आज जे मिळालं ते उद्याही मिळतं.

शेवटचा हात मात्र मी नैसर्गिक दगडावर फिरवतो. बेल्जियममधल्या आर्देन डोंगराळ भागातला पिवळा दगड, कोटिक्यूल, माझ्याकडे आहे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिशय बारीक स्फटिक दाटीनं बसलेले असतात. त्याच जातीचा लहान तुकडा पाण्यासकट वर घासला की दुधासारखी पेज सुटते. तिच्यात वस्तरा पटकन लागतो. मग दर काही फेऱ्यांनी बोटानं एक-दोन थेंब पाणी टाकत ती पेज पातळ करत जायचं, अगदी स्वच्छ पाणी उरेपर्यंत. शेवटी पात्याच्या पुढं पाण्याची बारीक लाट चालते आणि खरखर थांबते. ही धार 12000 नंबरच्या कृत्रिम दगडापेक्षा जास्त तीक्ष्ण नसते, पण गालाला सौम्य लागते. हा माझा अनुभव आहे. काही गिऱ्हाइकांना कृत्रिम दगडाची धारच आवडते, त्यांना तीच देतो.

सुरुवातीला ओळखीच्यांचीच कामं यायची. मग 2020 आलं. तीन महिने सलून बंद होती; आमच्या कित्येक नातेवाइकांच्या घरी त्या दिवसांत चूल कशी पेटली, ते मी पाहिलंय. 28 जूनला महाराष्ट्रात सलून उघडली, पण परवानगी केस कापण्याची होती, दाढीची नाही. लोकांनी आजोबांच्या पेट्या उघडल्या. पुणे, नाशिक, बेळगाव, कुठून कुठून वस्तरे कुरिअरनं येऊ लागले आणि मी नोकरी सोडली.

तीन आठवड्यांनी तेच वस्तरे बोथट होऊन परत यायला लागले. चौकशी केली तर कुणी पँटच्या बेल्टवर परजत होतं, कुणी धार पुढं करून. पट्ट्यावर पाठ पुढं आणि धार मागं असते, आणि वळवताना पातं पाठीवरच वळवायचं, नाहीतर पट्टाही कापतो आणि धारही जाते. रोज आधी कापडावर वीसेक आणि मग चामड्यावर पन्नासेक फेऱ्या मारल्या, तर दगडाची गरज काही महिने लागत नाही. हे शिकवलं तर आमचं परत येणारं काम कमी होणार, हे उघड होतं. तरी शिकवलं, आणि पट्टेही आम्हीच करायचं ठरवलं.

कोल्हापुरात राहून चामड्यासाठी लांब जायची गरज नव्हती. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं इथं पिढ्यान् पिढ्या चपलेला वापरतात. मी पहिला तुकडा चप्पल लाईनमधल्या आप्पांना दाखवला. त्यांनी तो वाकवून बघितला. “आरं, हे तळाचं कातडं हाय. पायाखाली चालंल, वस्तऱ्याला न्हाई चालायचं. वरच्या पट्ट्याचं घे, आन् बाटलीनं लाटून घे.” आजही आमचा प्रत्येक पट्टा काचेच्या बाटलीनं लाटला जातो. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळेना, म्हणून आम्ही म्हशीचं वापरतो. त्याचा पोत जरा जाड असतो, त्यामुळे लाटायला वेळ जास्त लागतो.

एका व्यापाऱ्यानं हिरड्याचं म्हणून क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं चामडं दिलं. स्पंजासारखं दबायचं, धार गोल व्हायची. चाळीस पट्टे आम्ही गिऱ्हाइकांकडून परत मागवले आणि पैसे दिले. तेव्हापासून घेण्याआधी कडेचा तुकडा कापून बघतो. आत निळसर-राखाडी दिसलं की घेत नाही.

आज आम्ही तिघं आहोत. वस्तरे मी बघतो, आप्पांचा नातू चामडं बघतो, आणि पट्ट्याच्या कापडाची, कॅनव्हासची, शिवण माझी बायको करते. तीच शेवटची तपासणीही करते: केसाचं एक टोक चिमटीत धरून तो धारेवर टेकवायचा. न ओढता तुटला नाही, तर वस्तरा पुन्हा माझ्या टेबलावर येतो. धारेलगत गंजाचे खोल खड्डे असलेला वस्तरा आम्ही न घासता, कारण लिहून परत पाठवतो. आणि वडिलांचा दुसरा वस्तरा मी रोज वापरतो, त्यांच्याच पट्ट्यावर परजून.