नॅलोक्सोनसाठी काउंटरवर घातलेली हुज्जत

नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखण्यावर ऑक्सिकोडोन (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक) आणि आधीपासूनचं लोराझेपॅम (चिंतेवरचं, गुंगी आणणारं औषध), ही जोडी श्वास मंदावू शकते. म्हणून घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे ठेवा, असं डिस्चार्जच्या वेळी नर्स म्हणाली. खरं तर कॅलिफोर्नियात 2019 पासून अशा वेळी डॉक्टरांनीच प्रिस्क्रिप्शन देऊ करायचं असतं. आमच्या कागदांत ते नव्हतं.

फार्मसीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "प्रिस्क्रिप्शन आणा." मी म्हटलं, इथे फार्मसिस्ट स्वतःच्या अधिकारात देऊ शकतो. "मग तिकडे आहे, घ्या." तिकडे म्हणजे कुलूपबंद काचेच्या कपाटात, दोन स्प्रेंचा डबा, साधारण 45 डॉलर. 2023 पासून तो विनाप्रिस्क्रिप्शन मिळतो हे खरं, पण तसा उचलला की इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो. फार्मसिस्टने नोंद करून दिला तर क्लेम पाठवता येतो. हे तिला समजावताना मागे रांग वाढत होती आणि नॅलोक्सोनचं नाव ऐकून, नशेचं प्रकरण असणार असं समजून, लोक मला वरून खाली न्याहाळत होते. मग नवीन फाटा: "पेशंटला स्वतः यावं लागेल." ज्याला कूस बदलताना ब्रह्मांड आठवतंय, त्याला? आणि बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात स्प्रे मारणार आहे थोडाच! ओपिऑइड घेणाऱ्याच्या घरातल्या माणसालाही तो देता येतो. तिला ते पटेना. शेवटी आवाज चढवून म्हटलं, "मला फार्मसिस्टशीच बोलायचंय." तुम्ही गेलात तर सुरुवातच या वाक्याने करा.

फार्मसिस्ट आला, घरात कोण काय घेतं, नॅलोक्सोनची ॲलर्जी आहे का, एवढं विचारून त्याने माझ्या नावावर नोंद केली. क्लेमही मंजूर झाला. "वापरायचं कसं ते माहितीये" म्हणून मी निघाले, तर त्याने थांबवलं. समजावल्याशिवाय द्यायचं नाही, असा नियम आहे म्हणाला. बरं झालं. एका नाकपुडीत एक स्प्रे, लगेच 911 ला (इमर्जन्सीचा नंबर) फोन, दोन-तीन मिनिटांत हालचाल नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. आणि माणूस उठून बसला तरी त्याला एकटं सोडायचं नाही, कारण औषधाचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

हो, एक राहिलंच. स्प्रे चालतो का बघायला दाबू नका, त्यात एकच डोस असतो. नवऱ्याने घरी आल्या आल्या तेच करायला घेतलं होतं.