चमक कुठे हवी, कुठे नको

चेहऱ्यावरची चमक घालवण्यासाठी माझ्या आईनं उभा जन्म पावडर लावली, आणि माझी भाची तीच चमक बाटलीतून विकत आणते. आईच्या काळात 'चेहरा तेलकट दिसतोय गं' असं कुणी म्हटलं की बाई सरळ मोरीकडे निघायची. साबण, मग स्नो नावाचं क्रीम, स्नोवर पावडर, मानेवर उरलेली पावडर पदरानं झटकली की तयारी झाली. स्नो म्हणजे 1919 पासूनचा मुंबईचा अफगाण स्नो असो की दुसरा कुठला, त्यात मुख्य काम स्टिअरिक आम्लाचं. चोळलं की दिसेनासं होतं आणि मागे कोरडी, पांढुरकी झाक ठेवतं. त्या झाकेलाच तेव्हा 'फ्रेश' म्हणायचे.

आता सगळं उलटं झालंय. भाची शिकायला बडोद्याला आली आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहू लागली, तेव्हापासून नवरात्रात घरातला मोठा आरसा तिच्या मालकीचा. आमच्याकडे सकाळी घटाला माळ, संध्याकाळी आरती आणि रात्री चणिया-चोळी. बडोद्यातल्या मराठी घरांत या दोन्ही गोष्टी कित्येक पिढ्या सुखानं नांदतायत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटलं ते फक्त सासूबाईंना, आणि तेही भाचीच्या गालांमुळे.

"अगं, निघण्याआधी घाम तरी पुसून घे."

"आजी, घाम नाहीये तो. ग्लो आहे."

"बरं. पण तो रुमालानं जाईल ना?"

सासूबाईंचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. घाम, तेल आणि ग्लो या तिन्हींत गालावर घडतं ते एकच. गुळगुळीत, ओलसर पृष्ठभागावर पडलेला उजेड एका दिशेनं परत येतो, खरखरीत पृष्ठभागावरचा चहूकडे विखुरतो. म्हणून कोरड्या, साल निघालेल्या त्वचेवर चमक आणणारा कितीही महाग हायलायटर थापला तरी पोपडे धरलेल्या भिंतीवर ऑइलपेंट दिल्यासारखं दिसतं. बाटली उघडण्याआधीच खरं काम झालेलं असतं. तोंड धुऊन चेहरा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, कारण त्यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. मग थांबायचं. भाचीच्या मैत्रिणींना हे थांबणंच जमत नाही. क्रीम मुरायच्या आत त्वचेचा रंग एकसारखा करणारं फाउंडेशन चढवलं की दोन्हींच्या मिळून बारीक वळ्या होतात, आणि मग दोष बिचाऱ्या फाउंडेशनला.

फाउंडेशनही सगळ्या तोंडाला फासायचं नसतं. नाकपुड्यांच्या बाजूला, हनुवटीवर, जिथे रंग एकसारखा नाही तिथेच थोडंसं घ्यायचं आणि ओल्या करून पिळलेल्या स्पंजनं थोपटायचं. घासलं की आधीचा थर उचलला जातो. बाकीची त्वचा आपली आपल्याला दिसू द्यावी. तीही वाईट नसते.

त्यानंतर चमक. हायलायटरमधला चकचकीतपणा अभ्रकाचा असतो. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप दिला की मोत्याची झाक येते. ही झाक लावायची ती गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठाच्या खळीवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, म्हणजे एरवीही उजेड आधी जिथे पडतो तिथे. कपाळाच्या मध्यावर आणि नाकाच्या शेंड्याभोवती नाही. तिथे तैलग्रंथी दाट असतात, गरब्याच्या पहिल्या फेरीतच त्या आपली फुकटची चमक घेऊन हजर होतात. तेवढ्या भागावर मात्र पावडर हवी. आई अगदीच चुकत नव्हती, फक्त तिची पावडर सगळीकडे जायची.

चमक कुठे हवी हे माझ्या डोक्यात बसलं ते व्हिडिओ बघून नव्हे, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये. सयाजीरावांच्या अधिकारग्रहणाच्या निमित्तानं 1881 मध्ये राजा रविवर्मा बडोद्याला आले, आणि पुढे महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली. 1890 मध्ये ती पूर्ण झाली. पाहुण्यांना ती दाखवायला नेणं हे आम्हा बडोदेकरांचं ठरलेलं काम आहे. पाहुणे गोष्ट ओळखत बसतात, ही सुभद्रा, ती मत्स्यगंधा. मी अलीकडे नाकं बघते. उजेड कुठून येतोय, नाकाच्या दांड्यावर तो किती बारीक ठेवलाय, गालावरून उतरताना कसा विरत गेलाय, खांद्यावर पुन्हा कसा उगवलाय. तैलरंगात माणसाची कातडी रंगवणाऱ्याला हे यावंच लागतं. सगळाच चेहरा चमकवला तर चेहऱ्याला उठाव राहत नाही, सपाट ताट होतो. आणि नुसता पांढरा केला तर आमच्या लग्नाच्या अल्बममधल्या सगळ्या मावश्या आठवतात.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मी रविवर्मांच्या नव्हे, राजस्थानातल्या किशनगढच्या पक्षाची. तिथल्या लघुचित्रांतल्या राधेच्या डोळ्याची रेघ थेट कानाकडे निघालेली असते, आणि तिच्यात कुठेही 'बघू या, जमलं तर' असा भाव नसतो. आयलायनरची रेघ अशी हवी. ती येते कुठून, तर कोपरातून. कोपर टेबलावर टेकलेलं, करंगळी गालावर, आरसा समोर नव्हे, हनुवटीच्या खाली धरलेला. खाली पाहिलं की पापणी आपोआप सपाट होते, बोटानं ताणावी लागत नाही. ताणलेल्या पापणीवरची रेघ सरळ येते खरी, पण पापणी सोडली की तिला सुरकुती पडते. एका दमात रेघ ओढायचा हट्टही नको. केसांच्या मुळांशी छोटे छोटे ठिपके द्यावेत आणि मग जोडावेत. विंग, म्हणजे डोळ्याबाहेर वर जाणारं रेघेचं टोक, काढायची तर खालच्या पापणीची कड जशी वर चढतेय तशीच तिला भुवईच्या टोकाकडे पुढे न्यायची, आणि त्या वेळी डोळा उघडा, नजर समोर. मिटल्या डोळ्यावर सुरेख दिसलेली विंग डोळा उघडताच पापणीच्या घडीत गायब होते, हे निम्म्या बायकांचं दुःख आहे. बाहेर गेलेली रेघ बोटानं पुसू नये. इअरबडला थोडं मेकअप रिमूव्हर लावून तिची कड कापावी. पुसलेल्या रेघेपेक्षा कापलेली रेघ जास्त टोकदार दिसते.

मंगळ बाजारात लायनर घ्यायला गेलं की दुकानदार मनगटावर रेघ ओढतो, तिच्यावर पाणी ओततो आणि विजयी मुद्रेनं म्हणतो, "जुओ बेन, वॉटरप्रूफ!" असेल बाबा. पण गरब्यात डोळ्यावर बाटलीनं कोण पाणी ओततं? तिथे घामाबरोबर पापणीचं तेल असतं, आणि काजळ-लायनर पसरवतं ते मुख्यतः तेल. पेन्सिलीतलं मेण तेलानं मऊ होतं आणि खालच्या पापणीवर उतरतं. म्हणून परीक्षा पाण्याची नको, तेलाची हवी. रेघ वाळू द्यावी, मग तेलाचं बोट फिरवून पाहावं. भाचीनं हे दुकानातच केलं तेव्हा दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी करायचा उपाय साधा आहे. लायनर लावण्याआधी पापणीवर चिमूटभर पावडर, आणि डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेला रेघच नको. तिथलं काजळ अश्रूंबरोबर डोळ्यातच फिरत राहतं.

सासूबाईंना हे पटत नाही. त्यांचं काजळ घरचं असायचं. एरंडेलाचा दिवा, वर पालथं ताम्हन, धरलेली काजळी खरवडून तुपात आणि भीमसेनी कापरात खलायची. थंड वाटायचं म्हणतात. हे निदान दिव्याच्या काजळीचं होतं. सुरम्याचं तसं नाही, पारंपरिक सुरमा गॅलेना या शिशाच्या खनिजाचा, आणि शिसं शरीरात साठत जातं. बाळांच्या डोळ्यांत तर डॉक्टर काहीच घालू देत नाहीत, घरचं काजळसुद्धा नाही. तीट गालावर लावा, दृष्ट तिथूनही निघते.

आणि जे तेल रेघ बिघडवतं, तेच रात्री ती उतरवतं. गरब्याहून पोरी मध्यरात्रीनंतर परततात, पाय ओढत, आणि वॉटरप्रूफ लायनर साबणानं खरडत बसतात. खोबरेल लावलेला कापूस मिटल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवला तर रेघ स्वतःच सोडून येते. लेन्स लावणाऱ्यांनी आधी लेन्स काढाव्यात, एवढंच.

यंदा अष्टमीला सासूबाई म्हणाल्या, "मलाही ओढ बघू एक रेघ. आपल्या चौकातलाच तर गरबा आहे." सत्तरीच्या पुढची पापणी, तिच्यावर लिक्विड लायनर फुटतं. म्हणून पेन्सिल घेतली. "आई, डोळे मिटू नका, खाली बघा," असं म्हणत ठिपके दिले, जोडले, टोक किंचित वर नेलं. पातळ, नेमकी, अगदी किशनगढी. भाचीनं टाळी वाजवली. सासूबाईंनी आरसा जवळ घेतला, लांब धरला, काही दिसेना म्हणून चष्मा चढवला. प्लसचा नंबर, भिंगामागे डोळा मोठा दिसतो, डोळ्याबरोबर रेघही.

"एवढी जाड कशाला ओढलीस गं?" त्या म्हणाल्या, आणि तशाच चौकात उतरल्या.