सही केली नाही

पाचवा महिना लागला तेव्हा मी ऑफिसात सांगितलं. दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मायेचा. "ताई, आता दगदग नको. राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की परत या. तुमची जागा आहेच." टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता : 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने'. घरी विचारून सांगते म्हणाले आणि कागद तिथेच ठेवून बाहेर आले.

ही नाशिकमधली २०२२ सालची गोष्ट. पंचवीसेक माणसांची कंपनी, मी अकाउंट्सला, चार वर्षं झालेली. पगार २८ हजार. २१ हजारांच्या आत असता तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआयने, म्हणजे सरकारी कर्मचारी विमा योजनेने, दिले असते. माझ्या वेळी ते कंपनीच्या खिशातून जाणार होते. खरी गोम तिथे होती.

सासूबाई म्हणाल्या, "सोड गं, अशा दिवसांत भांडण कशाला?" नणंदेने मात्र रात्री बसून मातृत्व लाभ कायदा वाचून दाखवला. तेव्हा लागू असलेला हा कायदा १९६१ चा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर भरपगारी रजा, आणि २०१७ पासून, आधीची हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर, ती २६ आठवडे. गरोदरपणात काढून टाकलं तरी हा लाभ बुडत नाही, आणि रजेवर असताना काढणं तर बेकायदेशीरच. पण राजीनामा दिला की 'काढलं' असं म्हणताच येत नाही. त्या मायेच्या कागदाचा अर्थ मला तेव्हा कळला. संताप आला, आणि रडूही.

मी रजेचा अर्ज दिला : रजा कधीपासून, पैसे कोणाला द्यायचे, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. एचआरने अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. मग तोच अर्ज रजिस्टर एडीने पाठवला. पुढे सगळं त्या एका पोचपावतीवर उभं राहिलं.

सातव्या महिन्यात पत्र आलं, काम समाधानकारक नाही म्हणून सेवा समाप्त. चार वर्षांत कधी साधा मेमो नव्हता! पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, पोचपावती घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. पहिल्या तारखेला कंपनीचं कोणी आलंच नाही. फुगलेले पाय घेऊन दोन तास बाकावर बसले होते. दुसऱ्या तारखेला आले, आणि पत्र मागे घेतलं.

मुलगी झाली. जन्माचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत रजेच्या पगाराची उरलेली रक्कम द्यायची असते. मला ती एकोणीस दिवसांनी मिळाली. बाळंतपणातल्या औषधपाण्यासाठी कायद्याने मिळणाऱ्या वैद्यकीय बोनसचे ३,५०० रुपये त्यात नव्हते. तेही लेखी मागितले. या वेळी एचआरच्या मुलीने मी काही बोलायच्या आधीच दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.