कांडी घरी आली तेव्हा

कुत्र्याचं पिल्लू आणायचंय, काय काय विकत घेऊन ठेवू, असं गेल्या महिन्याभरात तिघी-चौघींनी विचारलं. प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. आमची कांडी आता पाच महिन्यांची झालीये, घरी येऊन तिला तीन महिने झाले, त्यामुळे ते पहिले दिवस अजून ताजे आहेत.

कांडी आली ती रसवंतीतून. सिंहगड रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हाळाभर एक रसवंती असते, ताडपत्रीचा मांडव, दोन बाकडी, चरकाला बांधलेले घुंगरू आणि बऱ्याच रसवंतींवर असतं तसं बोर्डावर कानिफनाथांचं नाव. चालवणाऱ्या मावशी पुरंदरकडच्या. एप्रिलमध्ये त्यांच्या मांडवामागे, उसाच्या चिपाडांच्या ढिगाआड एका गावठी कुत्रीने पाच पिल्लं घातली. मावशींनी तिला रोज भाकरी घातली, पिल्लांखाली गोणपाट अंथरलं, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मांडव उतरवून पेरणीला गावी जायची वेळ आली तेव्हा माझ्या लेकीला म्हणाल्या, "आईला मी टेंपोत घालून नेते गं, पण पाच-पाच पिल्लं कुठं सांभाळू? एक तरी घेऊन जा."

खरं म्हणजे लेक मे महिन्यापासूनच मागे लागली होती. तेव्हा मावशीच नाही म्हणाल्या होत्या. दोन महिने आईच्या अंगाला अंग लावून राहू दे, मग ने. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, कारण चावलं की समोरच्याला दुखतं हे ते भावंडांशी मारामारी करतानाच शिकतं. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो, एवढा साधा धडा, पण माणसाला तो शिकवायला फार जड जातं.

निघताना मावशींनी त्या गोणपाटाचा एक तुकडा फाडून माझ्या हातात दिला. ओला, कुबट, दुधाचा आणि मुताचा वास येणारा. मी तो घेतला कारण त्यांनी दिला होता म्हणून. त्या तुकड्याची किंमत मला त्याच रात्री कळली.

पहिली रात्र. दिवसभर कांडी सोफ्याखाली होती, खायला दिलेलं तिथेच सरकवलं, पाणी तिथेच. रात्री अकराला दिवे घालवले आणि तिने जे रडायला सुरुवात केली ते ऐकवत नव्हतं. भुंकणं नाही, कुईकुई पण नाही, एक लांब बारीक सूर, मध्ये थांबायची, कान टवकारून ऐकायची, कोणी उत्तर देतंय का, आणि परत सुरू. ती हाक मारत होती हो. सकाळपर्यंत चार भावंडं आणि आई अंगाला चिकटून होती आणि आता गार फरशी, फिनाइलचा वास, वर गरगरणारा पंखा, ओळखीचं काही म्हणजे काहीच नाही.

अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल, जवळ गेलात तर लाडावेल. मला हे अजिबात पटत नाही. गप्प होईल हे खरं, पण हाक मारून कोणी येत नाही हे कळल्यावर गप्प होणं आणि इथे आपल्याला काही होणार नाही हे कळून शांत झोपणं यात खूप फरक आहे, आणि पुढची दहा-बारा वर्षं आपल्याला तिच्याबरोबर काढायची आहेत. मी गोधडी घेऊन हॉलमध्ये आले, खोक्यात तो गोणपाटाचा तुकडा घातला, खोकं माझ्या उशीला लावलं आणि एक हात आत सोडून पडून राहिले. तिने आधी गोणपाट हुंगलं, नाक पार त्याच्या विणीत खुपसलं, मग दोनदा गोल फिरून माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली. तिचं हृदय किती जोरात धडधडत होतं ते माझ्या हाताला लागत होतं आणि ते हळूहळू कमी होत गेलेलंही लागलं. आठ-नऊ रात्री मी तिथेच झोपले. मग रोज गोधडी थोडी लांब, मग खोलीच्या दारात, मग आत. ती लाडावली वगैरे नाही.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगते. कांडी पुन्हा सोफ्याखाली, चिकनचा तुकडा दाखवला तरी बाहेर येईना, लेक रडवेली. संध्याकाळी ती कथकच्या क्लासला निघाली, घुंगरांची पिशवी खाली ठेवली आणि छन्न झालं. सोफ्याखालून आधी नाक आलं, मग एक कान, मग अख्खी कांडी सरळ चालत पिशवीपाशी गेली आणि तिला पाठ टेकून बसली. आम्ही सगळे बघतच राहिलो. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला अर्धा तास लागला, चरकाचे घुंगरू! पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे आणि कान दोन्ही बंद असतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडतात, म्हणजे हिचे कान उघडले तेव्हापासून सकाळी अकरा ते रात्री नऊ हिने तोच आवाज ऐकला होता. आई जवळ आहे, पोट भरलंय, भावंडं अंगावर लोळतायत आणि मागे घुंगरू वाजतायत. त्या दिवसापासून जेवण देताना, बोलावताना आम्ही चार घुंगरं दोऱ्यात ओवून वाजवायला लागलो, आणि आजही ती नावापेक्षा त्या आवाजाला आधी येते. म्हणून मी सांगते, बेड, बाऊल, पट्टा हे सगळं नंतर घेता येतं, पण पिल्लू जिथून आणताय तिथे आधी दहा मिनिटं बसा, तिथे काय वाजतं, कसला वास येतो, ते काय खातं ते बघा आणि त्यातलं जे उचलता येईल ते घरी घेऊन या.

खाण्यात आमची चूक झाली. सासूबाईंनी (मी त्यांना आईच म्हणते) प्रेमाने वाटीभर गाईचं दूध दिलं, कांडीने चाटूनपुसून प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलभर पातळ शी. आईच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं आणि बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आई दिवसभर हळहळत होत्या, मला कसं कळलं नाही म्हणून. त्यांची काही चूक नव्हती, दूध-पोळी तर सगळेच देतात. मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही कारण ते कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतं. आई कट्टर शाकाहारी, तर चिकन शिजायचं गॅलरीत, इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात. चौथ्या दिवशी बघते तर आई स्वतः चमच्याने भात कालवतायत, तोंडावर पदर धरून, आणि कांडी त्यांच्या पावलावर बसलेली. हळूहळू पिल्लांच्या खाण्यावर आणलं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. बेदाणे, मनुका, चॉकलेट हेही कुत्र्यांना घातक, म्हणून ते देवघराच्या आणि लेकीच्या दप्तराच्या उंचीवरून हललं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तर मी घरातूनच बाहेर काढल्या.

पहिल्या जंताच्या औषधानंतर शीमधून शेवयांसारखे पांढरे जंत पडले ते बघून लेक घाबरली. हे आईकडूनच येतात, पोटात असतानाच किंवा दुधातून, त्यामुळे पिल्लू कितीही गोजिरं दिसलं तरी औषध चुकवायचं नाही, आम्ही तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी दिलं. आल्या आल्या आंघोळ घालायचा मोहही आवरा. पिसवा होत्या, कानात दोन गोचीड होते, पण आम्ही कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून घेतलं आणि गोचीड डॉक्टरांनी चिमट्याने काढले. मोठ्या कुत्र्यांचा गोचिडाचा स्प्रे एवढ्याशा जिवावर मारू नका, प्लीज.

शी-शूचं सगळेच विचारतात. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलून गॅलरीतल्या पेपरवर, झालं की तिथेच शाबासकी. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास धरू शकतं, तर मी रात्री दोनचा आणि पाचचा गजर लावायचे. घरात केलं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही, तिला एवढंच कळतं की ह्या बाईसमोर करायचं नाही, आणि मग ती पलंगाखाली जाऊन करते. फिनाइलही मी बंद केलं कारण ती त्या फरशीवर चालून पाय चाटते, पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं की वासही जातो.

आता जे लिहायचं ते लिहिताना अजून हात जड होतो. कांडीचा एक भाऊ, काळ्या पाठीचा, पुढच्या सोसायटीत गेला होता. चांगली माणसं, लहान मुलं असलेलं घर. पहिल्याच रविवारी मुलांनी त्याला हौसेने मैदानात नेलं, पावसाच्या डबक्यात खेळवलं, आणि पाच-सहा दिवसांनी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, पार्व्हो. तीन दिवस सलाइन लावलं, पण नाही वाचला. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आधी आजारी पडलेलं कुत्रं तिथून कधीच गेलेलं असलं तरी जमीन तशीच असते. आणि पावसाळ्यात लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस) भीती, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना. एक डोस दिला म्हणजे झालं असं धरून चालू नका, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसाला काम करू देईलच असं नसतं, म्हणून तर तो परत परत द्यायचा.

पण मग घरातच कोंडून ठेवायचं का, तर तेही नाही. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला आपलं वाटतं, नंतर नवीन गोष्टीची भीती बसायला लागते. म्हणून मी कांडीला जमिनीवर न ठेवता पुढे लटकवलेल्या झोळीत घेऊन रोज वीस मिनिटं फिरायचे. रिक्षा, भाजीवाल्याची हाक, कुकरच्या शिट्ट्या येणारा जिना, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, सगळं वरून बघितलं तिने. यंदा गणपतीत ढोल वाजले तर ती उठली, गॅलरीच्या जाळीतून बघितलं आणि परत पसरली. दिवाळीतले फटाके अजून व्हायचेत, त्याची मला काळजी आहे, आत्तापासून मोबाइलवर अगदी बारीक आवाजात ऐकवतेय जेवताना.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या आठवड्यात खेळता खेळता तिचा दात लेकीच्या बोटाला लागला, टोकाएवढं रक्त. आपलंच पिल्लू आहे, एवढंसं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. रेबीजची लस झाली नव्हती, रस्त्यावर जन्मलेली होती. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला आणि तसेच डॉक्टरांकडे गेलो, इंजेक्शनं पूर्ण घेतली. लेकीने एकदाही कांडीला दोष दिला नाही, उलट घरी आल्यावर तिलाच सांगत बसली, तुझं पण इंजेक्शन आहे पुढच्या महिन्यात, दुखत नाही फार.

सोसायटीत एक-दोघांनी कुरकुर केली, लिफ्टमधून नेऊ नका म्हणाले. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही नाही. मी त्याची प्रिंट काढून ठेवली होती, दाखवायची वेळ आली नाही. पण खाली केलेली घाण मी स्वतः उचलते, पट्ट्याशिवाय खाली आणत नाही, ते बोलायच्या आधी दिसू दे लोकांना. सोसायटीतल्या मुलांनाही मी दोघा-दोघांनाच घरात घ्यायचे, एवढं लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं आणि त्याला झोपेतून उठवून खेळवणं बरं नाही.

गेल्या आठवड्यात पायपुसण्यावर तिचा पहिला पडलेला दुधाचा दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी किंचित लाल. असे अठ्ठावीस पडून बेचाळीस येणार, तोपर्यंत फ्रीजमध्ये गार केलेलं गाजर आणि माझ्या चपला. लेकीने तो दात काडेपेटीत ठेवलाय. फोटो मावशींना पाठवला, त्यांनी उलट फोन केला, मागे बैलांचा आवाज येत होता. कांडीची आई बरी आहे म्हणाल्या, गोठ्यापाशी झोपते, तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेणारे आता. मग विचारलं, गोणपाट आहे का अजून?

होतं. तीन महिने मी ते धुऊ दिलं नव्हतं, आई रोज नाक मुरडायच्या. परवा चांगलं ऊन पडलं म्हणून शेवटी मीच भिजत घातलं, दोन पाणी काळं निघालं, आणि गॅलरीच्या दोरीवर वाळत टाकलं. संध्याकाळी तिच्या जागेवर परत अंथरलं. कांडी आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट हुंगलं, थोडी थांबली, आणि जाऊन आईंच्या गोधडीवर झोपली.